कापसाचा भाव, मटक्याचा आकडा आणि वाढता जॅकपॉट

यवतमाळ जिल्ह्यात कापूस हा नुसता पीक म्हणून राहिलेला नाही, तो बोलण्याचा विषय आहे. पांढरकवडा, वणी, राळेगाव, दारव्हा यांपैकी कोणत्याही बाजारपेठेत दिवाळीनंतर गेले, की कानावर पहिला प्रश्न पडतो तो 'काय भाव निघाला?' हा. त्याच पेठेच्या मागच्या गल्लीत, जरा हळू आवाजात, दुसरा एक प्रश्न विचारला जातो : 'काय आकडा आला?' सट्टापट्टी घेणाऱ्यांना पोलिसांनी पकडल्याच्या बातम्या वऱ्हाडातल्या वर्तमानपत्रांना नव्या नाहीत. हे दोन प्रश्न एकमेकांचे जवळचे नातेवाईक आहेत, हे मात्र फार थोड्यांना ठाऊक असते. आकड्याचा जुगार कापसाच्या भावातूनच जन्मला. त्याचा प्रवास पुढे यंत्रावरच्या वाढत्या जॅकपॉटपर्यंत कसा येतो, आणि त्या प्रवासात गणित कोठे उपयोगी पडते व कोठे पडत नाही, हे या लेखात आम्ही पाहणार आहोत. वरच्या वर्गातले विद्यार्थी हे प्रश्न विचारतात. शिक्षकांनी नुसते 'वाईट आहे' म्हणून ते टाळू नयेत असे आम्हाला वाटते, कारण उत्तर आकडेमोडीने देता येते.

अमेरिकेतील यादवी युद्धाच्या काळात, म्हणजे १८६१ ते १८६५ या वर्षांत, लँकेशायरच्या गिरण्यांना अमेरिकन कापूस मिळेनासा झाला आणि वऱ्हाडच्या काळ्या जमिनीला एकाएकी सोन्याचे मोल आले. मुंबईत शेअरबाजार फुगला आणि युद्ध संपताच १८६५ मध्ये कोसळला. पुढे यवतमाळचा कापूस मूर्तिजापूरमार्गे मुंबईला नेण्यासाठी 'शकुंतला' या लाडक्या नावाने ओळखली जाणारी अरुंद रेल्वे आली. म्हणजे ज्या शेतकऱ्याने न्यूयॉर्क किंवा लिव्हरपूल कधी नकाशावरही पाहिले नव्हते, त्याच्या गाठोड्याची किंमत तिथल्या फळ्यावर ठरू लागली. भाव तारेने मुंबईस येई आणि मुंबईहून वऱ्हाडात.

असा दुरून येणारा, आपल्या हाती नसलेला आकडा दिसला की माणसाला त्यावर पैज लावावीशी वाटते. मुंबईत एकोणिसाव्या शतकात पावसावरही पैजा चालत. जुगारबंदीचा १८८७ चा कायदा त्यांना लागू पडत नाही असे न्यायालयात ठरले, तेव्हा १८९० मध्ये कायद्यात दुरुस्ती करावी लागली. कापसाचे तसेच झाले. न्यूयॉर्कच्या कापूस बाजारात भाव कितीवर उघडेल आणि कितीवर बंद होईल, यावर मुंबईत पैसे लावले जाऊ लागले. या प्रकाराला नाव पडले 'आकडा जुगार'. मटक्यातले 'ओपन' आणि 'क्लोज' हे शब्द बाजार उघडण्याच्या व मिटण्याच्या भावावरून आले आहेत. आज ते शब्द वापरणाऱ्यांपैकी कितींना हे माहीत असेल, शंकाच आहे.

इथे विज्ञानाच्या दृष्टीने एक थांबण्यासारखी जागा आहे. भावाचे पहिले आकडे जाणकाराला ओळखता येतात. काल भाव जिथे होता त्याच्या आसपासच तो आज असणार. शेवटचा आकडा मात्र व्यापाऱ्यालाही सांगता येत नाही. सायमन न्यूकम या खगोलशास्त्रज्ञाने १८८१ मध्ये लॉगॅरिथमच्या कोष्टकांची सुरुवातीची पाने अधिक मळलेली असतात असे नोंदवले होते. निसर्गात व व्यवहारात येणाऱ्या संख्यांचा पहिला अंक १ असण्याचे प्रमाण बरेच जास्त असते, तर शेवटचे अंक जवळजवळ समप्रमाणात वाटलेले असतात. म्हणजे भावाच्या शेपटाकडे लक्ष दिले, तर कापसाबद्दलचे ज्ञान निरुपयोगी होते. व्यापारी आणि हमाल एका पातळीवर येतात. जुगाराचा धंदा करणाऱ्याला हवे असते ते हेच.

मग कापसाची गरजच काय? ही गोष्ट १९६१ मध्ये उघड झाली. न्यूयॉर्कहून असे भाव येणे त्या वर्षी बंद झाले, आणि जुगार थांबायला हवा होता, तो थांबला नाही. १९६२ मध्ये कल्याणजी भगत यांनी वरळीत स्वतःचा आकडा काढण्यास सुरुवात केली. शून्य ते नऊ अंकांच्या चिठ्ठ्या मातीच्या मडक्यात टाकायच्या आणि त्यातून काढायच्या. मडके म्हणजे मटका. १९६४ मध्ये फाळणीनंतर सिंधमधून आलेले रतन खत्री यांनी थोडे नियम बदलून आपला वेगळा मटका सुरू केला. पुढे चिठ्ठ्यांच्या जागी पत्ते आले. खत्री २०२० मध्ये वारले. गिरणगावातल्या कामगाराने लावलेल्या चार आण्यांपासून खेड्यातल्या पानठेल्यावरच्या चिठ्ठीपर्यंत हा व्यवहार पसरला, आणि त्यातून कापूस कधीच गळून गेला होता.

मटक्याची रीत अशी. तीन अंक काढायचे, त्यांची बेरीज करायची आणि बेरजेचा एकम स्थानचा अंक घ्यायचा. २, ७ व ८ आले तर बेरीज १७, म्हणून आकडा ७. हा ओपन. काही वेळाने पुन्हा तीन अंक काढून क्लोज. दोन्ही मिळून जोडी, आणि तीन अंकांच्या संचाला पत्ती म्हणतात. मटका ज्यांनी बसवला त्यांना गणित किती येत होते कोण जाणे, पण तीन ही संख्या त्यांनी अचूक निवडली आहे. तीन अंकांचे वेगवेगळे संच २२० होतात : तिन्ही अंक वेगळे असलेले १२०, दोन सारखे असलेले ९० आणि तिन्ही सारखे असलेले १०. यांची बेरजेप्रमाणे वाटणी केली तर प्रत्येक आकड्याच्या वाट्याला बरोबर २२ संच येतात : १२, ९ आणि १. कारण सोपे आहे. कोणत्याही संचातील प्रत्येक अंक एकाने वाढवला (९ नंतर ०) तर बेरजेचा शेवटचा अंक तीनने सरकतो, आणि ३ व १० यांना सामाईक विभाजक नसल्यामुळे असे सरकत सरकत दहाही आकडे एकेकदा येतात. म्हणून सर्वांना सारखा वाटा मिळतो.

तीनऐवजी चार अंक घेतले असते तर हे जमले नसते. चार वेगवेगळ्या अंकांचे संच २१० होतात. त्यांपैकी ११० संचांची बेरीज सम आणि १०० संचांची विषम येते. अशा मटक्यात सम आकडे लावणाऱ्यांना विषम लावणाऱ्यांपेक्षा थोडा जास्त वाटा मिळाला असता. विद्यार्थ्यांना हे करून पाहायला सांगावे, मोजणीचा चांगला सराव होतो.

आता पैशाकडे येऊ. एका आकड्याला रुपयास नऊ रुपये हा दर सर्वत्र ऐकू येतो. आकडे दहा, मिळतात नऊ. म्हणजे दर रुपयाला सरासरी ९० पैसे परत. जोडीला नव्वद, जोड्या शंभर. पुन्हा ९० पैसे. पत्तीचे दर ठिकठिकाणी वेगळे असतात. समजा वेगळ्या अंकांच्या पत्तीला १४०, दोन सारख्यांना २८० आणि तिन्ही सारख्यांना ६०० मिळतात. अंक एकेक करून, चिठ्ठी पुन्हा मडक्यात टाकून काढले, तर हजारात अनुक्रमे ६, ३ आणि १ वेळ हवी ती पत्ती येते. परतावा झाला ८४, ८४ आणि ६० पैसे. एक्का ते दश्शी अशा चाळीस पत्त्यांतून तीन एकदम काढले, तर तिन्ही सारख्यांची संधी ९,८८० मध्ये फक्त ४ एवढी उरते आणि परतावा २४ पैशांवर येतो. बक्षीस जितके मोठे दिसते तितका दर बिकट, आणि सर्वांत जास्त आशा बांधली जाते ती याच पत्तीवर.

यात 'युक्ती' कोठे बसते? कोठेच नाही. दहाही आकडे सारखे असल्यामुळे कोणता निवडला याने काही बदलत नाही. तरीही मागच्या आकड्यांचे तक्ते विकले जातात, आणि त्यावरून 'पाच खूप दिवस आला नाही, आता येणार' असे सांगितले जाते. मडक्याला आठवण नसते. शेतकऱ्याला ही चूक सहज भुलवते असे आमचे मत आहे, कारण त्याच्या खऱ्या जगात आठवण असते. जमिनीत ओल राहते, बोंडअळीचे कोष राहतात, गेल्या वर्षी भाव चांगला मिळाला की यंदा पेरा वाढतो. तिथे मागचे पाहून पुढचे ओळखणे हे शहाणपणच आहे, आणि तेच शहाणपण मडक्यापुढे फसते.

याच कारणाने 'शेती म्हणजे जुगारच' हे नेहमी ऐकू येणारे वाक्य आम्हाला पटत नाही. कोरडवाहू कापसात अनिश्चितता प्रचंड आहे, आणि तिने या जिल्ह्यात किती घरे मोडली ते इथल्या शिक्षकांना सांगायला नको. पण शेतात एक बी टाकले तर शंभर होतात. तिथे नवीन संपत्ती निर्माण होते, आणि अनिश्चितता वाटून घेता येते. १९७२ पासून सुमारे तीस वर्षे चाललेल्या कापूस एकाधिकार खरेदी योजनेत भावाचा धोका सरकारने अंगावर घेतला होता. ती योजना तोट्यात का गेली हा वेगळा विषय आहे, पण धोका उचलणारा दुसरा कोणी असू शकतो हे तिने दाखवले. वायदेबाजाराचा मूळ हेतूही तोच. आकड्यात मात्र काहीच पिकत नाही. दहा माणसांचे दहा रुपये गोळा होतात, नऊ परत वाटले जातात.

मग गणिताला वाव असणारा खेळ असतो का? असतो, आणि त्याची एक जुनी गोष्ट विदर्भाच्याच वाटेवरची आहे. महाभारताच्या वनपर्वात द्यूतात राज्य हरलेला नळ, बाहुक या नावाने अयोध्येच्या ऋतुपर्ण राजाचा सारथी होतो. दमयंतीच्या स्वयंवरासाठी दोघे विदर्भाकडे, कुंडिनपुराकडे निघतात. वर्धा नदीकाठचे कौंडिण्यपूर ते हेच असे मानले जाते. वाटेत ऋतुपर्ण बेहड्याच्या झाडाची पाने आणि फळे बघता बघता सांगतो : दोन फांद्यांवर पाच कोटी पाने आणि २,०९५ फळे. नळ रथ थांबवून मोजून पाहतो आणि थक्क होतो. तेव्हा ऋतुपर्ण आपल्या फाशांच्या विद्येचा आणि या मोजणीचा संबंध सांगतो. बेहड्याच्या बिया हेच त्या काळचे फासे होते. संभाव्यतेच्या इतिहासकारांना ही कथा फार आवडते, कारण पास्काल आणि फेर्मा यांचा १६५४ चा प्रसिद्ध पत्रव्यवहार होण्याच्या कितीतरी शतके आधी इथे मोजणी आणि जुगार एका वाक्यात आले आहेत.

मोजणी उपयोगी पडते ती निवड करता येते तिथे. एडवर्ड थॉर्प या गणितज्ञाने १९६२ मध्ये, म्हणजे वरळीचा मटका सुरू झाला त्याच वर्षी, संगणकाच्या मदतीने पत्त्यांचा एक खेळ हरवून दाखवणारे पुस्तक प्रसिद्ध केले. १९७० च्या दशकाच्या अखेरीस अमेरिकेत पडद्यावरच्या पोकरची यंत्रे आली. खेळणाऱ्याला पाच पत्ते मिळतात, त्यांपैकी हवे ते ठेवायचे, उरलेले बदलून घ्यायचे. प्रत्येक पत्ता ठेवा किंवा टाका, म्हणजे ३२ पर्याय. सुरुवातीचे हात २५,९८,९६०. संगणकाला हे काम अवघड नाही, आणि म्हणूनच या खेळाची सर्वोत्तम चाल संपूर्णपणे काढता आली आहे. समजा हाती इस्पिकची दुर्री, चौकी, सत्ती, नव्वी आणि बदामची सत्ती आहे. सत्तीची जोडी ठेवावीशी वाटते. तिचे सरासरी मूल्य रुपयाला ८२ पैसे. जोडी मोडून चार इस्पिक ठेवले तर उरलेल्या ४७ पत्त्यांत नऊ इस्पिक आहेत, आणि एका रंगाच्या पाच पत्त्यांना सहापट मिळतात. ९ गुणिले ६ भागिले ४७, म्हणजे १ रुपया १५ पैसे. जोडी मोडावी.

महाराष्ट्रात अशी यंत्रे कायदेशीर कधीच झाली नाहीत. कॅसिनोंसाठी १९७६ मध्ये केलेला कायदा अमलात न येताच २०२३ मध्ये रद्द झाला. गोव्यात १९९२ च्या दुरुस्तीने पंचतारांकित हॉटेलांत यंत्रांना परवानगी मिळाली. यंत्रांची एक जात 'वाढत्या जॅकपॉट'ची असते. प्रत्येक डावातले थोडे पैसे वरच्या बक्षिसात जमा होत जातात आणि कोणी जिंकेपर्यंत ते फुगत राहते. आपल्याकडे २००१ पासून काही वर्षे विकल्या गेलेल्या सिक्कीम सरकारच्या 'सुपर लोटो'चेही तत्त्व हेच होते : ४९ पैकी ६ अंक, न लागल्यास रक्कम पुढे. तिथे पर्याय १,३९,८३,८१६. दहा रुपयांच्या तिकिटाला जॅकपॉट सुमारे १४ कोटींवर गेला तरच तिकीट 'वसूल', आणि ३० टक्के प्राप्तिकर धरला तर सुमारे २० कोटींवर. शिवाय रक्कम वाढली की गर्दी वाढते आणि बक्षीस वाटून घ्यावे लागते.

पोकरच्या यंत्रात वाढता जॅकपॉट रॉयल फ्लशवर असतो : एकाच रंगाचे दश्शी, गुलाम, राणी, राजा, एक्का. त्यातल्या उदार समजल्या जाणाऱ्या एका प्रकारात, रॉयलला ८०० पट धरून आणि एकही चूक न करता खेळल्यास, शंभर रुपयांमागे ९९.५४ रुपये परत येतात. रॉयल सरासरी ४०,३९० डावांत एकदा येतो. जॅकपॉट सुमारे ९७६ पटींपर्यंत चढला की खेळ बरोबरीचा होतो, त्यापुढे खेळणाऱ्याच्या बाजूचा. गंमत अशी, की जॅकपॉट बदलला की चालही बदलते. हाती एकाच रंगाचे नव्वी ते राजा आले तर पन्नासपट नक्की मिळतात. नव्वी टाकून एक्क्याची वाट पाहावी का? एक्का ४७ मध्ये एकच, बाकीच्या पत्त्यांतून मिळणाऱ्या बक्षिसांची बेरीज ७५. म्हणजे जॅकपॉट २,२७५ पटींवर गेला तरच हातातले पन्नास सोडणे योग्य. जॅकपॉट पाहून खेळण्याची विद्या म्हणतात ती ही, आणि ती खरी आहे. आम्हाला ती नाकारायची नाही.

आता तिची किंमत काढू. समजा एका डावाला ५० रुपये आणि जॅकपॉट १,२०० पट, म्हणजे ६०,००० रुपये. परतावा १००.५३ टक्के होतो. डावामागे सुमारे २७ पैसे नफा. तासाला ५०० डाव न चुकता खेळणाऱ्याला सरासरी १३० रुपये तास पडतात. पण ही सरासरी एकाच हातात अडकलेली आहे. रॉयल सोडून बाकीच्या बक्षिसांतून परत येतात ९७.५६ टक्के. म्हणजे सरासरी रॉयलपर्यंतच्या ८१ तासांत सुमारे २० लाखांची उलाढाल होते आणि ४९ हजार रुपये खिशातून जातात. ४०,३९० डाव खेळूनही रॉयल न दिसण्याची संभाव्यता ३७ टक्के आहे, त्याच्या दुप्पट डावांनंतरही साडेतेरा टक्के. आणि तोवर दुसऱ्या कोणी जॅकपॉट नेला, तर तो पुन्हा ८०० वरून सुरू.

बेल प्रयोगशाळेतील जॉन केली यांनी १९५६ मध्ये एक सूत्र दिले : नफ्याच्या खेळातही आपल्या पुंजीचा किती भाग एका डावात लावावा. ते वर लावले, तर पुंजी निदान साडेसात हजार डावांची, म्हणजे सुमारे पावणेचार लाख रुपयांची हवी. याहून फार कमी पुंजीवाला, नियम तोंडपाठ असूनही, बहुधा रॉयलच्या आधीच संपतो. तेवढे पैसे असलेला माणूस तासाला १३० रुपयांसाठी यंत्रापुढे का बसेल, हे आम्हाला उमगत नाही. मोबाइलवर हेच खेळ खिशात आले तेव्हा तर जॅकपॉटचा हिशेब पाहण्याचीही सोय बहुतेकांना नव्हती. ऑगस्ट २०२५ मध्ये संसदेने ऑनलाइन पैशांच्या खेळांवर बंदीचा कायदा केला आहे.

वर्गात करण्याजोगा प्रयोग चिंचोक्यांचा आहे. पैसे मुळीच नकोत. ४० विद्यार्थ्यांना प्रत्येकी २५ चिंचोके द्यावेत, मडक्यात दहा चिठ्ठ्या, तीन वेळा काढून बेरीज, लागलेल्याला नऊ. प्रत्येकाने दर डावाला एक लावायचा, आणि सगळ्यांनी एकच आकडा धरू नये. संपणाऱ्याने बाजूला बसून नोंद ठेवायची. एका तासिकेत २० डाव होतात, म्हणजे ८०० चिंचोके लागतात. बँकेकडे सरासरी ८० जमावेत, पण बरेच मागेपुढे होते. म्हणून दोन-तीन तुकड्यांत करून एकत्र बेरीज करावी. दुसऱ्या दिवशी काही विद्यार्थी मागच्या नोंदीवरून आकडा 'काढून' आणतील. त्यांना अडवू नये. त्यांचे चिंचोके वेगळ्या वहीत लिहावेत आणि इतरांच्या सरासरीशी ताडून पाहावेत.